प्लॅस्टर निघाल्यावर पोटरी परत कशी आणायची (आणि त्यासाठी अवकाशात गेलेली माकडं का माहीत हवीत)

सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहून माझी डावी पोटरी अडीच सेंटीमीटरने बारीक झाली. टेपने मोजली. मी नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये आहे, आम्हाला सगळं मोजायची खोड असते, उजवी ३६ आणि डावी साडेतेहेतीस. बायको म्हणाली अरे हा पाय तुझाच आहे ना नक्की, आणि खरंच तसंच वाटत होतं, कातडी सैल, केस काळेभोर वाढलेले, आणि पोटरीच्या जागी रिकामी पिशवी लटकावी तसं काहीतरी.

झालं असं की जुलैत सोसायटीच्या ओल्या पार्किंगमध्ये पाय सरकला आणि घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, प्लॅस्टर लागलं. काढताना जिथे दाखवलं तिथे सांगितलं "आता हळूहळू चाला", बस. हळूहळू म्हणजे किती, कधी, काय आधी आणि काय नंतर, हे विचारायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मग कॉलेज रोडला एक फिजिओ मॅडम मिळाल्या, त्यांनी नीट समजावलं, आणि बाकीचं मी घरी पडल्या पडल्या वाचत बसलो. वाचता वाचता गाडी कुठून कुठे गेली ते पुढे येईलच.

एक आधीच सांगतो, मी डॉक्टर नाहीये. पायावर वजन कधी टाकायचं आणि किती टाकायचं हे तुमचा एक्सरे बघणाऱ्यानेच सांगायचं, प्लेट-स्क्रू असेल तर जास्तच. खालचं सगळं त्या परवानगीनंतरचं आहे.

आधी पोटरीत नक्की काय झालंय ते बघू, कारण ते कळलं नाही तर माणूस चुकीचा व्यायाम करतो. मीही केला.

पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरचा फुगीर दोन फाकांचा दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, आणि त्याच्या खाली चपटा लपलेला सोलियस. बॉडीबिल्डिंगवाले वरच्याचं कौतुक करतात पण दिवसभर आपल्याला उभं ठेवतो तो खालचा. गावठी कोंबडी कापलेली बघितलीय ना, तंगडीचं मटण गडद आणि छातीचं पांढरं, तोच फरक माणसातही असतो, फक्त आपल्यात प्रत्येक स्नायूत दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. गडद ते स्लो तंतू, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या) भरपूर, रक्ताच्या बारीक नळ्या भरपूर, आणि ते चरबी आणि साखर ऑक्सिजनवर सावकाश जाळत तासन् तास थकत नाहीत. पांढरे ते फास्ट, ते ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर झटकन वापरतात, जोर जास्त पण दम कमी. सोलियसमध्ये बहुतांश तंतू स्लो असतात. इथल्या द्वारका चौकातून माल भरून रात्रभर मुंबईला जाणारा डिझेल ट्रक म्हणजे सोलियस, आणि फास्ट तंतू म्हणजे सिग्नलला रेस करणारी पोरांची बाईक.

आता गंमत अशी की ह्या ट्रकला "चालू रहा" हा हुकूम मेंदूकडून येतोच, पण त्याचबरोबर तो जमिनीकडूनही येतो. पाय टेकला, शरीराचं वजन आलं, तंतू ताणला गेला, की त्याच्या आतल्या यंत्रणेला कळतं की आपली गरज आहे, प्रोटीन बनवत रहा. हे वजन थांबलं की प्रोटीन बनायचं कमी होतं आणि तोडायचं काम वाढतं. थोड्या दिवसांत तंतू मरत नाहीत, आक्रसतात, आणि ही चांगली बातमी आहे कारण आक्रसलेला तंतू परत भरता येतो. पण तो नुसता बारीक होत नाही, त्याचा स्वभाव पण बदलायला लागतो. स्लो तंतूत फास्ट जातीचं मायोसिन (तंतू आवळणारं प्रोटीन) दिसायला लागतं, चरबी जाळायची ताकद कमी होते, भार साखरेवर येतो, म्हणजे डिझेलचा ट्रक हळूहळू बाईकसारखा वागायला लागतो आणि लवकर थकतो. प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्यांदा घरातल्या घरात किचनपर्यंत गेलो आणि पोटरी जळायला लागली त्याचं कारण हे. मला वाटत होतं जोर गेलाय. जोर गेलाच होता, पण त्याहून जास्त दम गेला होता.

हे सगळं आपल्याला इतकं बारीक कसं माहीत, तर त्याचं मोठं श्रेय माकडांना आहे.

आमच्याकडे अंजनेरीला हनुमानाचा जन्म झाला असं मानतात, त्यामुळे उडालेल्या वानराचा विषय नाशिककराला नवीन नाही. खरोखरच्या अवकाशात गेलेला पहिला प्रायमेट (माकड-माणसांच्या गटातला प्राणी) मात्र १९४९ सालचा, आल्बर्ट दुसरा नावाचा ऱ्हीसस माकड, अमेरिकनांनी व्ही-२ रॉकेटमधून पाठवला आणि परतताना पॅराशूट न उघडल्यामुळे मेला. नंतर रशियन लोकांनी बायॉन नावाचे उपग्रह सोडले, १९८३ पासून त्यात ऱ्हीसस माकडांच्या जोड्या जायला लागल्या, पहिले दोघे आब्रेक आणि बायॉन, पाच दिवस. शेवटची जोडी लापिक आणि मुल्तिक, डिसेंबर १९९६ ते जानेवारी १९९७, चौदा दिवस. त्यात अमेरिकनांचाही सहभाग होता आणि उड्डाणाआधी आणि नंतर त्यांच्या पायाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून एकेक तंतू वेगळा करून तपासला. माकडं का, तर उंदीर चार पायावर असतो आणि त्याचा स्नायू फार भराभर बदलतो, ऱ्हीससची पोटरी आपल्याला जास्त जवळची. ब्रह्मगिरीवर आपल्या हातातली चिप्सची पिशवी पळवणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांचे हे चुलतभाऊच.

निघालं काय, तर मार सोलियसच्या स्लो तंतूंना जास्त बसला, वरच्या गॅस्ट्रोक्नेमियसला त्यामानाने कमी. तंतू बारीक झाले, त्यांचा जोर घटला. आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हे की ह्या माकडांना कॅप्सूलमध्ये खुर्चीत बांधून ठेवलेलं असायचं, म्हणून शास्त्रज्ञांनी जमिनीवरही काही माकडं तशाच खुर्चीत बसवून तुलना केली, आणि नुसत्या खुर्चीत बसून राहिलेल्यांच्या पोटऱ्यांवर पण परिणाम दिसला. म्हणजे अवकाशात जायची गरजच नाही, खुर्ची पुरते! आमच्याकडे दिवसभर सीएनसी मशीनसमोर उभा राहणारा ऑपरेटर आणि त्याच कंपनीत एसीत बसणारा मी, दोघांत कोणाची सोलियस चांगली असेल हे सांगायला नको.

मुल्तिक उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी वारला, तपासणीसाठी भूल दिली होती त्यात. त्यानंतर अमेरिकेने पुढच्या माकडांच्या मोहिमेतून अंग काढून घेतलं. वाचून वाईट वाटलं खरं. माझ्या पोटरीचं जे ज्ञान आहे त्यात त्याचा वाटा आहे म्हणून नाव लिहितोय.

चरबी जाळण्याचं म्हणाल तर ते उंदरांवर स्पष्ट दिसलं, १९९१ च्या जूनमध्ये स्पेस शटलमधून नऊ दिवस गेलेल्या उंदरांच्या स्नायूंची फॅटी अॅसिड जाळायची क्षमता कमी झाली होती, साखरेकडून येणारं इंधन जाळायची क्षमता मात्र साधारण तशीच. नऊ दिवसांत! माझे बेचाळीस होते.

माणसांचंही तेच. १९७० साली सोयुझ ९ मधून निकोलायेव आणि सेवस्त्यानोव अठरा दिवसांनी परत आले तेव्हा त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, उचलून आणावं लागलं. आणि वालेरी पोल्याकोव १९९५ ला ४३७ दिवसांनी उतरला तो स्वतः चालला. फरक व्यायामाचा. आता स्पेस स्टेशनवर रोज साधारण दोन तास व्यायाम असतो, ट्रेडमिलला पट्ट्यांनी ओढून बांधतात म्हणजे टाच आपटते, आणि एक मशीन आहे जे व्हॅक्यूम सिलिंडरच्या जोरावर वजन उचलल्यासारखं रेझिस्टन्स देतं. आपले शुभांशू शुक्ला २०२५ ला गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांत एक स्नायूंच्या पेशी परत कशा बनतात ह्याच विषयावरचा होता. थोडक्यात तुमचा प्लॅस्टरमधला पाय आणि त्यांचे दोन्ही पाय एकाच आजाराचे पेशंट आहेत, त्यामुळे त्यांचा इलाज आपल्याला चालतो, फक्त स्केल छोटा.

आता कामाचं.

प्लॅस्टर असतानाच सुरू करायचं. ही माझी पहिली चूक, मी सहा आठवडे मोबाइल बघत पडलो. निरोगी तरुण पोरांचा एक पाय मुद्दाम जखडून बघितलंय लोकांनी, पाच दिवसांत मांडीचा स्नायू साडेतीन टक्के कमी आणि जोर नऊ टक्के कमी, चौदा दिवसांत स्नायू आठ टक्क्यांच्या वर आणि जोर तेवीस टक्के. म्हणजे पहिल्याच आठवड्यात लीकेज जोरात असतं, "प्लॅस्टर निघू दे मग बघू" म्हणणारा तोपर्यंत अर्धी टाकी घालवून बसतो.

काय करता येतं, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडी कडक करायची, पाच-सात सेकंद धरायची, सोडायची, दहा वेळा. असं दिवसातून चार-पाच खेपा. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. बोटं बाहेर असतील तर ती हलवत राहायची. आणि चांगल्या पायाचा व्यायाम सोडायचा नाही, कारण एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की बांधलेल्या पायाचा जोर कमी गळतो, हे मेंदूच्या बाजूने होतं, ऐकायला खोटं वाटतं पण बऱ्याच प्रयोगांत आलंय. त्याहून खोटं वाटणारं म्हणजे नुसतं मनात स्नायू आवळल्याची कल्पना करणं. अमेरिकेत २०१४ ला मनगट चार आठवडे बांधून बघितलं, ज्यांनी आठवड्यातून पाच दिवस मनातल्या मनात मनगट जोरात वाकवल्याची कल्पना केली त्यांचा जोर बाकीच्यांच्या जवळपास निम्माच गेला. त्याने पोटरी जाड होणार नाही, पण मेंदूकडून येणारी वायर गंजत नाही. रात्री झोप येत नसते तेव्हा करायला बरंय.

फिजिओकडे करंटचं मशीन असतं, स्नायूला बाहेरून झटके देणारं, ते प्लॅस्टरमध्ये किंवा मोठ्या आजारपणात खरंच उपयोगी पडतं, पण ऑनलाइन मिळणारं सहाशे रुपयांचं चिकटवायचं खेळणं घेऊन स्वतः प्रयोग करू नका. पेसमेकर असेल तर अजिबात नाही.

प्लॅस्टर निघाल्याचा पहिला आठवडा. इथे सगळ्यात जास्त लोक घोळ करतात, दोन्ही बाजूंनी. एक गट घाबरून पाय टेकवतच नाही. दुसरा गट, म्हणजे माझा मेव्हणा, प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी रामकुंडाच्या पायऱ्या उतरला आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजून भोपळा. बरेच दिवस वजन न घेतलेला स्नायू पहिल्या वजनाला नाजूक असतो, तंतूंच्या आत बारीक फाटाफूट होते, अवकाशातून आलेल्या उंदरांच्या पायाच्या स्नायूंत मायक्रोस्कोपखाली हे दिसलंय. आणि लांब होत होत ब्रेक लावण्याच्या कामात, म्हणजे उतरताना, ही फाटाफूट जास्त. त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस चढणं परवडतं पण उतरणं कमीत कमी. लिफ्ट असेल तर वर जाताना जिना आणि खाली येताना लिफ्ट, लोक उलटं करतात.

पहिले दोन-तीन दिवस फक्त घोटा सोडवायचा. खुर्चीत बसून पाय अधांतरी धरा आणि अंगठ्याने हवेत अ आ इ ई काढा, पूर्ण बाराखडी. मॅडमनी एबीसीडी सांगितली होती पण आपल्या अक्षरांना वळणं जास्त आहेत, ळ आणि ज्ञ काढताना घोटा सगळीकडून फिरतो, माझा मुलगा समोर बसून चुका काढायचा, "बाबा हा ळ नाहीये". टॉवेल चवड्याला अडकवून हळू स्वतःकडे ओढायचं, ताण जाणवेल इतकंच, अर्धा मिनिट.

मग मुख्य व्यायाम, आणि हा मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. बसून टाच उचलणं. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो, आणि काम जवळपास सगळं सोलियसवर येतं. उभ्याने टाचा उचलल्या की वरचा मदतीला येतो आणि आळशी झालेला सोलियस त्याच्या आड लपतो. म्हणून खुर्चीत बसा, पाऊल सपाट, चवडा टेकलेला ठेवून टाच सावकाश वर, एक सेकंद थांबा, सावकाश खाली. वीस वेळा. पहिल्या दिवशी माझे अकरा झाले आणि पाय थरथरायला लागला. दिवसातून एकदा शंभर करण्यापेक्षा तासाला वीस करा, कारण स्लो तंतूंना दिवसभर थोडं थोडं कामच कळतं, एकदाच मारलेली उडी नाही. ऑफिसला टेबलाखाली करतो मी, कोणाला कळत पण नाही. ह्याच हालचालीवर ह्यूस्टनच्या लोकांनी २०२२ ला काम केलं होतं, तासन् तास बसून टाच उचलत राहिल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली, मग सोशल मीडियावर त्याचा चमत्कार झाला. चमत्कार नाहीये, त्यांनी खास शिकवून, यंत्रं लावून, तासन् तास करून घेतलं होतं. पण दिशा बरोबर आहे.

चार-पाच दिवसांनी त्रास नसेल तर गुडघ्यावर वजन. पाच किलोची आटापिशवी, मग दहाची. आमच्याकडे दहाची पिशवी मांडीवर घेऊन बसलो की आई म्हणते, अरे ठेव ते, दळण सांडशील. वजन वाढवायचा नियम माझा साधा, दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा कालपेक्षा सुजलेला नसेल आणि दुखणं रात्रभरात उतरलं असेल तर वाढवायचं, नाहीतर कालच्यावरच थांबायचं. पोटरीत ओढल्यासारखं दुखणं चालतं. हाडावर बोट ठेवल्यावर टोचणारं दुखणं चालत नाही.

ह्याच काळात चालणं. काठी लाजायची गोष्ट नाही, आणि ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, निम्मे लोक त्याच बाजूला धरतात. लंगडत दोन किलोमीटर चालण्यापेक्षा सरळ दोनशे पावलं बरी, टाच टेकली, पाऊल लोळलं, चवड्याने जमीन ढकलली, हे पूर्ण व्हायला हवं. ते ढकलणंच सोलियसचं काम आहे, लंगडणारा माणूस नेमकं तेच चुकवतो आणि म्हणतो मी रोज चालतो तरी पोटरी भरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभ्याने. किचनच्या ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा वर, मग दोन्ही पायावर वर जाऊन दुखऱ्या एकट्यावर खाली, मग एकट्यावर वर-खाली. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिन धरून सुरुवात, मग एक बोट, मग काही नाही. घोट्याचा तोल पण प्लॅस्टरमध्ये विसरलेला असतो, आणि परत मुरगळतो तो त्यामुळेच.

खाण्याबद्दल. आजारी माणसाला पेज, साबुदाणा, वरणाचं पाणी द्यायची आपली पद्धत प्रेमाची आहे पण स्नायूला त्यात काही मिळत नाही. पडून असलेला स्नायू प्रोटीन घ्यायलाच कंटाळतो, तेवढ्याच जेवणातून कमी प्रोटीन बनवतो, म्हणून उलट जास्त लागतं, किलोमागे साधारण १.२ ते दीड ग्रॅम. मी ७० किलोचा, म्हणजे साधारण ८५ ते १०५. आणि एकदम रात्री नाही, प्रत्येक जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम येईल असं. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, ग्लासभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. मिसळीच्या मटकीत पण असतं हो, पण आपण मटकी चार चमचे, तर्री अर्धा लिटर आणि पाव सहा खातो, तेव्हा त्याला प्रोटीन म्हणू नका. घरी मोड आलेली मटकी दोन वाट्या, कांदा, वर दही, ती खरी. किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरला विचारून. आणि वजन कमी करायचा हा काळ नाहीये, उपाशी राहिलात तर शरीर चरबीबरोबर तीच पोटरी मोडून खातं.

घरात म्हातारं माणूस अंथरुणावर असेल तर हे सगळं दुपटीने लागू. ६७ वर्षांच्या आसपासच्या तब्येतीने चांगल्या असलेल्या बारा जणांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत. तरुणाला ते परत मिळतं, सत्तरीत परत मिळवणं फार अवघड. माझ्या आईला गेल्या वर्षी डेंग्यू झाला, अशक्तपणा म्हणून आम्ही तिला सगळं अंथरुणात देत होतो, पाणीसुद्धा, त्यात तिला डायबिटीस. आणि स्नायू हेच जेवणानंतरच्या साखरेचं सगळ्यात मोठं गोदाम, ते बंद पडलं की साखर रक्तातच फिरत राहते. त्या पंधरवड्यात तिची शुगर चढली, आम्ही तापाला दोष दिला. थोडा ताप असेलही, पण पाय टेकवलेच नव्हते हे आता लक्षात येतं. आता नियम केलाय, जेवण खुर्चीत, पाऊल जमिनीला टेकलेलं, आणि प्रत्येक जाहिरातीला खुर्चीतून हात न टेकता उठून बसणं. सिरीयलमध्ये जाहिराती इतक्या असतात की व्यायाम भरपूर होतो. ती म्हणते "मला कशाला शाळेत घालतोस", पण करते.

आता घाबरवतो थोडं. प्लॅस्टरमध्ये किंवा त्यानंतर एकाच पोटरीला अचानक सूज, गरमपणा, लाली, दाबल्यावर कळ, असं वाटलं तर मालिश करायची नाही. तेल लावून चोळायची आपली पहिली सवय असते, ती इथे धोक्याची आहे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर. आणि दम लागला, छातीत दुखलं तर वाटच बघायची नाही, १०८ ला फोन.

दुसऱ्या महिन्यापासून मी गोदापार्कला सपाटीवर अर्धा तास चालायला लागलो, मग पांडवलेणी. पांडवलेणीच्या पायऱ्या ह्या कामाला उत्तम आहेत, वीस मिनिटांची चढण, सकाळी गर्दी असते म्हणजे पडलो तरी उचलायला कोणीतरी असतं. चढताना पूर्ण पाऊल ठेवण्याऐवजी मधेमधे चवड्यावर जोर देऊन चढायचं. उतरताना कठड्याच्या बाजूने, बाजूने आडवं पाऊल टाकत. पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलो, तिथे एक सत्तरीचे काका रोजचे, त्यांनी मला दोनदा ओव्हरटेक केलं, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना, आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "काय भाऊ, अजून इथंच?" वणीच्या गडाच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दिवाळीत तिथे जाणार होतो पण मॅडमनी नाही म्हटलं, म्हणाल्या ट्रॉलीने जा आणि देवीला सांगा पुढच्या वर्षी चढून येतो. ट्रॉलीने गेलो.

किती दिवस लागतात हे सगळे विचारतात. जाताना पटापट जातं आणि येताना रांगत येतं. मॅडमचा अंदाज असा की जितके दिवस बांधलेलं होतं त्याच्या दुप्पट तरी धरा, आणि त्यातही जोर आधी येतो, जाडी नंतर, दम सगळ्यात शेवटी. म्हणून टेपवर लक्ष ठेवून निराश होऊ नका, टेप महिन्यातून एकदा, तेही त्याच जागी, गुडघ्याच्या वाटीच्या खाली दहा सेंटीमीटरवर पेनने खूण करून आणि सकाळी, कारण संध्याकाळी पाय सुजलेला असतो आणि आकडा खोटा येतो. रोज मोजायचं असेल तर एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उंच उचलता येते ते मोजा. पंचवीस वेळा झालं म्हणजे पोटरी नॉर्मल असं फिजिओ लोक धरतात. गुडघा न वाकवता, भिंतीला फक्त बोट लावून, आणि अर्धवट उचललेली मोजायची नाही, मी सुरुवातीला मोजत होतो, मुलाने पकडलं.

आज चौदावा आठवडा. टेपवर डावी साडेपस्तीस आलीये, अर्धा सेंटीमीटर बाकी. टाचा मात्र उजवीवर सत्तावीस होतात आणि डावीवर एकोणीस, विसाव्याला थरथर सुरू होते आणि पोटरी पहिल्या दिवशीसारखी जळते. रविवारी परत मोजणार आहे.